अजरखपूर : पाण्यासाठी हललेले गाव

भुजहून भचाऊच्या रस्त्याने पंधराएक किलोमीटर गेले की अजरखपूर लागते. गावात शिरताच मोकळ्या जागी उन्हात पसरलेली लाल-निळी कापडे दिसतात आणि घराघरांतून लाकडी ठशांचा ठकठक आवाज ऐकू येतो. ही वस्ती मुस्लिम खत्री रंगरेजांची. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी कच्छच्या रावांच्या बोलावण्यावरून सिंधमधून आले आणि धमडका गावी नदीकाठी स्थिरावले.

अरबीत ‘अज़रक’ म्हणजे निळा. ‘अजरख’ हा शब्द त्यावरूनच आला असे मानतात. कारागीर मात्र गमतीने ‘आज रख’, म्हणजे आजचा दिवस राहू दे, असा अर्थ सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण घाई केली तर हे कापड बिघडते.

आधी कापड धुऊन तेल, सोडा आणि उंटाच्या शेणात मुरवतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. आपल्या सह्याद्रीत मिळतो तोच हा हिरडा. जिथे पांढरे ठेवायचे तिथे चुना-डिंकाचा ठसा मारतात. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून, चिंचोक्याच्या पिठाने दाट केले की काळा रंग होतो. लाल हवा तिथे तुरटीचा ठसा. पुढे निळीचा हौद. त्यातून कापड पिवळट-हिरवे निघते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. शेवटी मंजिष्ठाच्या उकळत्या पाण्यात तुरटीची जागा लाल होते.

प्रत्येक टप्प्यानंतर धुणे आलेच. म्हणून या धंद्याचा खरा जीव पाण्यात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वस्त रासायनिक रंगांनी जुनी रीत जवळजवळ मोडली होती. 1970 च्या दशकात मोहम्मद सिद्दिक खत्री यांनी वनस्पतींचे रंग पुन्हा सुरू केले आणि मुलांना शिकवले. पण धमडक्याची नदी आटली, विहिरींचे पाणी खोल गेले आणि त्यात लोह वाढले. असे पाणी रंग काळवंडून टाकते. त्यातच 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाने गाव जमीनदोस्त केले. काही कुटुंबांनी तिथेच पुन्हा घरे बांधली. बाकीच्यांनी पाणी पाहून नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या कलेचेच नाव दिले. माणसे गाव सोडतात तेव्हा बहुधा धंदाही सुटतो. इथे धंदा टिकावा म्हणून गाव सोडले गेले.

2024 मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी आपल्या बाजारांत यंत्रावर छापलेली नक्कल ‘अजरख’ म्हणून सर्रास विकली जाते. घेताना कापड उलटून पाहा. हाताच्या कामात दोन ठसे जुळतात तिथे बारीकसा फरक दिसतो. तो दोष समजू नका. एका माणसाने तो ठसा नजरेने जुळवला, त्याची ती खूण आहे. किंमत जास्त वाटली, तर घासाघीस करण्याआधी ते कापड किती वेळा धुतले गेले असेल, एवढे आठवा.