हौगांगचे घर आणि अलिबागजवळची जागा



आम्ही उभयतां भाच्याकडे सिंगापूरला, हौगांग येथे पंधरा दिवस राहून आलो. हौगांग म्हणजे नदीच्या मागचे गाव. पूर्वी इथे डुकरे पाळीत आणि झोपड्या होत्या. आता उंच उंच सरकारी इमारती. तळमजला मुद्दाम मोकळा ठेवतात, नुसते खांब. लग्नही तिथेच, मयतही तिथेच!

भाच्याचे घर ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलेले. आम्ही म्हटले, "मग ते तुझे कसले रे?" तो हसला. "मावशी, तुमचे इस्रायलचे घर तरी कुणाच्या जमिनीवर आहे?" गप्प झालो. आपल्याकडेही बहुतेक जमीन सरकारची, ४९ नाहीतर ९८ वर्षांच्या कराराने.

विचारण्याचे कारण वेगळेच होते. अलिबागजवळच्या एका खेड्यातली जागा आम्हाला स्वस्तात मिळत होती. शांत गाव, समोर समुद्र, नारळ. फोटोत लाटा अगदी अंगणात! आगाऊ रकमेसाठी पेन्शनीतले पैसे काढून ठेवले होते. ती जमीन तरी कायमची आपली होईल, असे मनात होते.

भाच्याने विचारले, "सातबारा पाहिला?" एजंटाने फोनवर पाठवला. शेतजमीन, बिनशेती केलेली नाही. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला ती घेता येत नाही, आणि आम्ही तर भारताचे नागरिकत्व केव्हाच सोडलेले. ओसीआय कार्डावर राहते घर घेता येते, शेत नाही. शिवाय किनाऱ्याच्या नियमांप्रमाणे विरळ वस्तीच्या खेड्यात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे घर सहसा बांधू देत नाहीत. मग त्या लाटा काय कामाच्या? आम्ही जन्मभर नर्स, म्हणून एकच विचारले होते, रात्री छातीत दुखले तर डॉक्टर किती लांब? बाकी काही सुचलेच नाही.

दुसऱ्या दिवशी वॉटर्लू स्ट्रीटचे सिनेगॉग पाहिले, १८७८ सालचे. पाटीवर नाव वाचले आणि पाय थबकले. मागेन अबोथ! अलिबागच्या इस्राएल आळीतल्या आपल्या सिनेगॉगचेच नाव. बाळांनो, अर्थ आहे पूर्वजांची ढाल. यांनी तिथेच बाकावर बसून डोळे पुसले. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले.

संध्याकाळी पुंगोलच्या धक्क्यावर गेलो. समोर मलेशियाचे दिवे, खाली लोक गळ टाकून बसलेले. वास मात्र थेट रेवदंड्याचा. तिथूनच एजंटाला नाही कळवले.

"मावशी, पुढच्या वर्षी भाव वाढेल हां," तो म्हणाला.

वाढू दे.