अनोळखी हातासाठी

माझा एक जुना विद्यार्थी मोटारींच्या दारांच्या मुठी आखतो. गेल्या सुट्टीत घरी आला, तेव्हा कागदावर रेघा ओढून समजावू लागला. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलची मूठ पत्र्याच्या पातळीतच बसे. एक टोक दाबले की दुसरे बाहेर येई. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये हेच काम विजेची मोटर करू लागली. वाऱ्याला अडसर थोडा कमी, रूप देखणे.

“आणि वीज गेली तर?” मी विचारले.

“सर, खरी परीक्षा तीच!”

बॅटरी क्षीण होऊन मुठी निकामी झाल्या. आत मूल, बाहेर हतबल आईबाप. अशा तक्रारींची चौकशी अमेरिकी सरकारने २०२५ साली सुरू केली. चीननेही त्याच वर्षी, विजेवाचून हाताने दार उघडलेच पाहिजे, असा नियमाचा मसुदा काढला. म्हणून हा आता मोटरीच्या जोडीला साधी तार आणि स्प्रिंगही आखतो.

आमच्या बेळगावातल्या जुन्या दारांना जाड कड्या असत. रात्री-अपरात्री धावून आलेल्या शेजाऱ्याला त्या अंधारातही सापडत. कुणी शिकवावे लागत नसे. एवढे त्याच्या मुठीला साधले, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.