लाल खडू

तीस वर्षं मी प्रूफं तपासली. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत विकली जाणारी पाठ्यपुस्तकं, गाइडं, पोथ्या. निवृत्त झालो तरी नजर सुटेना. दुकानाची पाटी असो की लग्नपत्रिका, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की आत बरं वाटायचं. खटकतं, असं लोकांना सांगायचो; ते खोटं होतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीत जुन्या वाड्याची विहीर अजून आहे. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की तिचं पाणी पंपाने सोडतात. तशी सूचना वॉचमन जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचा. बीडकडचा माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. 'पाणि', 'नाहि', 'गुरवारी'. मी खिशात लाल खडूचा तुकडा ठेवू लागलो. अक्षरावर काट, बाजूला बरोबर रूप, त्याभोवती गोल, अगदी प्रुफावर करतात तसं. येणारे-जाणारे हसायचे. मला वाटे, कौतुकाने.

एकदा त्याने लिहिलं, 'विहिरीचे पाणी सोडणार'. मी 'हि'वर काट मारून 'ही' केला. संध्याकाळी दहावीतली नात फळ्यापाशी थांबली. "आजोबा, विहीर दीर्घ, पण विहिरीचे ऱ्हस्व. सामान्यरूप ना!" १९६२च्या शुद्धलेखन नियमांतला हा नियम मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरावर चालवला होता.

नातीला मी गप्प केलं. रात्री जिन्यात कुणी नाही असं बघून ओल्या फडक्याने माझा 'ही' पुसला. वॉचमनला एका शब्दाने बोललो नाही.

पुढच्या गुरुवारी फळा कोरा. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींनी पाणी भरूनच ठेवलं नव्हतं. मी तणतणत खाली गेलो, तर तो म्हणाला, "तुमीच लिवा साहेब. माझं चुकतंय."

मला भाषेचा अभिमान आहे, असं मी चारचौघांत म्हणायचो. मराठीत तो शब्द आपण मिरवतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात मात्र तो आसुरी लक्षणांत येतो, दंभ आणि दर्प यांच्या पाठोपाठ. पारुष्य, म्हणजे बोलण्या-वागण्यातला कठोरपणा, तोही त्याच यादीत. त्या अध्यायाची प्रूफं मी तपासलेली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे बघितले होते.

गेल्या आठवड्यात वॉचमनच्या खोलीवर जाऊन सांगितलं, त्या दिवशी चूक माझी होती. स्टोव्हवरचा चहा गाळता गाळता तो हसला. "म्हंजे माझं बरूबर व्हतं म्हना की!" मलाही अर्धा कप दिला.

फळा मात्र अजून मीच लिहितो. वॉचमन खडू हातात घेत नाही.