ब्रिक्स्टनमधले एक जेवण

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात राहिले, ते घर आता स्मारक आहे. लंडनला गेलेला आपला माणूस ते पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्ही उभयतांनीही ते सकाळी पाहिले. संध्याकाळी मुलीने आम्हा दोघांनाच दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टनला धाडले. आमच्या लग्नाला ३० वर्षे झाली होती, म्हणून तिने एका कॅरिबियन हॉटेलात टेबल राखून ठेवले होते. कॅरिबियन म्हणजे जमैका, त्रिनिदाद वगैरे बेटे. क्रिकेटमुळे आपण त्यांना वेस्ट इंडीज म्हणतो.

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' बोटीतून या बेटांवरची शेकडो माणसे कामाच्या शोधात इंग्लंडला उतरली. ज्यांना निवारा नव्हता, त्यांना क्लॅपहॅम येथील युद्धकाळातल्या भुयारात ठेवले. कामासाठी नाव नोंदवण्याची जवळची कचेरी ब्रिक्स्टनला होती, म्हणून वस्तीही इकडेच वाढली. काळ्या माणसाला खोली नाकारणे १९६८ चा कायदा होईपर्यंत बेकायदेशीर नव्हते! आज त्याच वस्तीत गोरी तरुण मंडळी जेवायला रांग लावतात, आणि भाडी इतकी चढली आहेत की जुन्या कुटुंबांना तेथे राहणे जड जाते.

हॉटेलात मंद दिवे, मोठ्याने लावलेली गाणी. वाढणारा तरुण जमैकन आईबापांचा. त्याने 'कॅलालू' आणली, ती निघाली माठाची भाजी. 'सॉरेल' नावाचे लाल सरबत सौ.ने चाखले आणि म्हणाली, "अहो, ही तर अंबाडीची बोंडे!" बोकडाच्या मटणाची करीही होती. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर जमैकाला नेले, त्यांच्याबरोबर तो मसाला गेला. मिरची मात्र तिकडची. एका घासात डोळ्यांत पाणी आले.

मेनूत सर्वांत वर होते 'अॅकी अँड सॉल्टफिश', जमैकाचे राष्ट्रीय जेवण. अॅकी हे पश्चिम आफ्रिकेतून आलेले फळ. शिजवले की अंड्याच्या भुर्जीसारखे दिसते. सॉल्टफिश म्हणजे खारवून वाळवलेला मासा. उत्तरेकडच्या समुद्रातला हा मासा बोटी भरून येई. त्यातला हलका, टाकाऊ माल मळेवाले गुलामांसाठी घेत, कारण तो स्वस्त पडे. आता त्याच माशाच्या एका ताटाला १८ पौंड!

सौ. बराच वेळ ताटाकडे पाहत होती. मग म्हणाली, "आपण सोसायटीत सुकट भाजताना खिडक्या लावून घेतो. यांनी मेनूत पहिल्या ओळीत लिहिलंय."

मी काही बोललो नाही. आमच्या मजल्यावर वासावरून दोनदा तक्रार झाली होती. तेव्हापासून खारा बांगडाही घरात येईनासा झाला.

तिने त्या तरुणाला विचारले, मीठ कसे काढता? माझ्या मोडक्या इंग्रजीतून प्रश्न स्वयंपाकघरात गेला, आणि आचारीणबाई स्वतःच बाहेर आल्या. रात्रभर भिजवायचे, पाणी दोनदा बदलायचे, मग उकळायचे. सौ.ने बोटांनी खूण करून सांगितले की आम्ही बांगडा असाच भिजवतो, वर चिंच घालतो. चिंच त्यांच्या बेटावरही होते. दोघी किती तरी वेळ बोलत राहिल्या, भाषा एक नसताना.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रिक्स्टनच्या इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू बाजारात गेलो. सौ.ने खारवलेला मासा घेतला आणि मुलीच्या घरी खिडक्या उघड्या ठेवून शिजवला.