हलकी बंदूक, जड धक्का

पौड-पिरंगुट पट्ट्यातून मुलामुलींना नेमबाजीला घालायचं म्हणून येणारे पालक २०२४च्या ऑगस्टपासून वाढले आहेत. कारण उघड आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बालेवाडीत सराव करतो आणि पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन येतो. म्हाळुंग्याची शीव ओलांडली की बालेवाडी. मग आमच्या पोरानं काय घोडं मारलंय?

हिशेब बरोबर आहे, पण स्वप्नीलच्या हातात रायफल होती. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आपली सगळी पुण्याई रायफल-पिस्तुलाची. मी शिकवतो ती छर्ऱ्यांची बंदूक, म्हणजे शॉटगन. उडत्या तबकड्यांवर, म्हणजे क्लेवर, मारायचे ट्रॅप आणि स्कीट हे तिचे खेळ. या खेळात देशाची नावं बहुतेक उत्तरेकडची: बिकानेरचे करणी सिंह, २००४ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड. आपल्याकडे या बंदुकीची ओळख मैदानातून झालेली नाही, ती शेतातून झाली. मुळशीत भात पोटरीला आलं की रानडुकरं खाचरात शिरतात, म्हणून पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोअरची दुनळी काही घरांत असतेच. पालक विचारतात ते तिच्याबद्दल. ‘आजोबांची दुनळी आहे, हलकी आहे, पोराला सहज उचलते. तिच्यावरच शिकवा ना.’

नेमकं तेच करायचं नाही.

छर्रे आणि दारूचा वायू पुढे जितक्या जोरानं जातात, तितक्याच जोरानं बंदूक मागे येते. तालमीत एकाच रेट्यानं हलका पैलवान चार पावलं मागे जातो आणि वजनदार गडी जागचा हलत नाही, तसंच हे. माझा ढोबळ हिशेब सांगतो. साडेतीन किलोच्या बंदुकीतून २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं काडतूस उडवलं तर धक्क्याची ऊर्जा साधारण २२ ज्यूल भरते. तेच काडतूस तीन किलोच्या बंदुकीत २६वर जातं. साडेतीन किलोच्याच बंदुकीत २८ ग्रॅमचं काडतूस घातलं, तर आकडा २९च्या आसपास. आणि आजोबांच्या तीन किलोच्या दुनळीत ३२ ग्रॅमचं शिकारी काडतूस भरलंत, की चाळिशी गाठलीच. म्हणजे पोराला उचलायला सोपी म्हणून दिलेली बंदूक खांद्याला जवळपास दुप्पट मारते.

यातून निघणारा निष्कर्ष पालकांना सहसा आवडत नाही. आधी काडतूस निवडा, बंदूक नंतर. आंतरराष्ट्रीय ट्रॅप-स्कीटमध्ये २४ ग्रॅम हीच कमाल मर्यादा आहे, तेव्हा नवशिक्यानं त्याच्या वर जायचं कारणच नाही. २१ ग्रॅमचं सौम्य काडतूस मिळालं तर पहिले काही महिने त्यावरच काढावेत. गंमत अशी की बारा बोअरची काडतुसं आपल्या खडकीतच बनत आली आहेत. १८६९च्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरं आणि ‘शक्तिमान’ हे नाव जुन्या परवानाधारकांना तोंडपाठ असतं. पण घरातलं जुनं शेताच्या कामाचं काडतूस आणि सरावाचं काडतूस यांची सरमिसळ करू नये. डब्यावर छर्ऱ्यांचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय एकही काडतूस नळीत जाता कामा नये.

एका धक्क्यानं काही होत नाही. ट्रॅपच्या एका फेरीत २५ क्ले असतात, प्रत्येकावर दोन बार काढता येतात, म्हणजे पन्नासपर्यंत काडतुसं. दिवसात दोन-तीन फेऱ्या झाल्या की खांदा हुळहुळतो. तोही आठवड्यात बरा होतो. बरा होत नाही तो दचका. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, मान वर येते, नळी खाली झुकते. मूल सांगतं, ‘सर, नेम बरोबर होता.’ खोटं नसतं ते, त्याला कळतच नाही. मग मी खऱ्या काडतुसांत न सांगता एक नकली काडतूस मिसळतो. नुसतं ‘टक्’ होतं, बार होत नाही, आणि नळी वीतभर खाली गेलेली त्याची त्यालाच दिसते. लागलेला दचका काढायला महिने जातात. यात अर्धा दोष आवाजाचा असतो. बार दीडशे डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि वरून मफ्स, दोन्ही हवेत. कान नीट झाकल्यावर ‘आज बंदूक कमी मारतेय’ असं मुलंच म्हणतात.

वीस बोअरबद्दल फार विचारणा होते. बोअर लहान, म्हणून धक्का लहान, ही समजूत. वीस बोअरची बंदूक बहुधा तीन किलोच्या आत असते. तिच्यात २४ ग्रॅमच घातले, तर ती जड बारा बोअरपेक्षा जास्तच मारणार. चारशे दहा बोअरमध्ये धक्का खरंच कमी, पण छर्रेही इतके थोडे की क्ले फुटत नाही आणि मूल हिरमुसतं. ती मुरलेल्या नेमबाजाची बंदूक आहे. वायूवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक धक्का लांबवून मऊ करते, हे मान्य. पण आपल्याकडे तिच्या परवान्याची वाट इतकी बिकट आहे की नवशिक्यासाठी मी तो विषयच काढत नाही. पंप-ॲक्शनला तर या स्पर्धांत बंदीच आहे.

उरते ती एकावर एक नळ्यांची, साडेतीन किलोच्या आसपासची बारा बोअर. ती पेलत नसेल तर बंदूक बदलू नका, मूल थोडं मोठं होऊ द्या. आणि मापाकडे लक्ष द्या, कारण मापात नसलेली बंदूक दीडपट मारते. मोठ्यांच्या बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत ३६-३७ सेंटिमीटर असतात. तेरा वर्षांच्या मुलाला हे फार लांब पडतं. दस्ता मग काखेत किंवा दंडावर येतो, आणि काळंनिळं होतं ते तिथं. लांबी कमी करायची तर दस्ता कापा, पण कापलेला तुकडा सांभाळून ठेवा. पुढे पट्ट्या टाकून लांबी वाढवता येते. गालाखालची कड वरखाली करता येणारी असली तर फारच उत्तम. ती कड खाली असली की मूल मान उचलतं आणि दस्ता गालफडावर बसतो. पाठीमागे जाड, मऊ रबर हवंच. पारा भरलेल्या नळकांड्या, नळीला पाडलेली भोकं यांवर मात्र पैसे घालवू नका. त्यांच्या निम्म्या खर्चात चांगली काडतुसं येतील.

कायद्याचंही सांगतो. २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलाच्या नावावर बंदूक होत नाही. बाराव्या वर्षापासून प्रशिक्षण घेता येतं, तेही नियमांच्या चौकटीत आणि देखरेखीखालीच. तेव्हा शेतावर नेऊन ‘एक बार काढून बघ’ हा प्रकार बंद करा. शिकवण्याच्या दृष्टीनं तो घातक आहेच, शिवाय बेकायदा आहे.

एवढं वाचूनही पोराला घेऊन यायचं असेल तर जरूर या, पण दुनळी घरी कुलपातच राहू द्या. पहिल्या दिवशी मी त्याचा कोणता डोळा प्रबळ आहे ते तपासतो. उजव्या हातानं जेवणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर त्याला डाव्या खांद्यावर बंदूक धरायला शिकवावं लागतं, आणि उजव्या खांद्याच्या बेतानं विकत घेतलेला महागडा दस्ता वाया जातो.