हामच्या बाजारातली सोयरीक

परदेशातल्या भाच्याकडे जाताना काय काय न्यायचे, याची यादी आमच्या घरी महिनाभर चालली होती. मेतकूट, भाजणी, लिंबाचे लोणचे, कुळथाचे पीठ! पण त्याच्या घरी काय काय आहे, याची चौकशी मात्र कुणीच केली नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरी त्याच्या बिऱ्हाडात आम्ही पाऊल टाकले, तेव्हा तो बिचकत म्हणाला, "मामी, आतल्या खोलीत साप आहेत. पण कुलपात आहेत हं!"

सौ.ने लोणच्याची बरणी होती तिथेच खाली ठेवली.

साप होते तीन, तिघेही बिनविषारी. त्यातल्या एकावर भाच्याचा विशेष जीव. चारेक फूट लांबीचा, वेलीसारखा सडपातळ, पोपटी हिरवा, आणि नाकाच्या शेंड्यावर खवल्यांचे मऊ शिंग! व्हिएतनामचा उत्तर भाग आणि दक्षिण चीन इथल्या डोंगरी जंगलांतला हा रहिवासी. गेंड्यासारखे शिंग म्हणून त्याला गेंडा-साप म्हणतात. हा नर. भाच्याला आता त्याच्यासाठी मादी हवी होती. वयाच्या तिशीत स्वतःचे लग्न लांबणीवर टाकून हा गृहस्थ सापासाठी स्थळे पाहत होता! सौ.ने कपाळाला हात लावला.

मला मात्र वेगळेच आठवत होते. सांगलीच्या आमच्या वाड्यात नागपंचमीला गारुडी येई. आई वाटीत दूध ठेवी, मी पाच पैसे देई. एका वर्षी धीर करून मी फार जवळ वाकून पाहिले. नागाचे तोंड दोऱ्याने शिवलेले होते. दूध आत जायला कडेला थोडी फट तेवढी ठेवली होती. साप काही दूध पिणारा प्राणी नव्हे. दिवसेंदिवस तहानलेला ठेवला, की समोर येईल ते पितो, आणि पुढे त्यानेच मरतो. हे मला फार उशिरा कळले. पण तो दोरा मी त्याच दिवशी पाहिला होता. पाहूनही गप्प बसलो, आणि पाच पैसे देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर जवळच्या एका गावातल्या दुकानात गेलो. गावाचे नाव सांगत नाही. तिथे अशीच शिंगवाली मादी होती. पूर्ण वाढलेली, आणि किंमत बाजारभावाच्या निम्मी. "येत्या उन्हाळ्यात अंडी देईल," दुकानदार म्हणाला. माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. "घेऊन टाक की रे!" मी म्हणालो. भाच्याचाही हात खिशाकडे गेला होता. मी सहज काचेशी वाकलो. मादीच्या पाठीचा कणा वर आला होता, आणि शिंग घासून घासून बोथट झाले होते. खाली जखमेचा लाल चट्टा. ती कुठे जन्मली, असे भाच्याने विचारले, तर दुकानदार हवापाण्याविषयी बोलू लागला.

"जंगलातून धरून आणलेली दिसते," भाचा हळूच मराठीत म्हणाला. "काचेवर नाक आपटत राहतात अशी. पण मामा, हिला इथून सोडवली असे तरी होईल ना?"

"आणि तुझ्या पैशांनी तो दुसरी आणेल," मी म्हणालो. साठ वर्षांहून अधिक काळ घशात अडकलेले वाक्य होते ते. आम्ही हात हलवत परतलो. भाचा वाटेत एक अक्षर बोलला नाही, आणि त्या मादीचे पुढे काय झाले असेल, हा विचार माझी पाठ अजून सोडत नाही.

शनिवारी आम्ही हामला गेलो. डॉर्टमुंडहून आगगाडीने अर्धा तासही लागत नाही. लिप्पे नदीकाठचे हे गाव. एके काळी कोळशाच्या खाणींचे. आता तिथल्या एका बंद खाणीच्या जागी बाग आहे, आणि कोळसा धुण्याच्या जुन्या इमारतीला 1984 सालच्या उद्यान-प्रदर्शनासाठी काचेच्या हत्तीचे रूप दिले आहे. हत्तीच्या सोंडेतून चक्क लिफ्ट वर जाते! पण वर्षातून चार वेळा या गावी देशोदेशीची माणसे लोटतात, ती सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजारासाठी. मोठमोठ्या दालनांत टेबलांच्या रांगा, टेबलांवर झाकणाच्या डब्या, आणि डब्यांत साप, सरडे, कासवे. एरवी जत्रेत बांगड्या पाहाव्यात, तशी माणसे वाकवाकून पाहत होती.

भाच्याने आधीच पत्रव्यवहार करून ठेवलेले एक म्हातारबाबा एका कोपऱ्यात बसले होते. त्यांच्यापुढे वर्षभराची एक मादी होती. या जातीची पिले करड्या-तपकिरी रंगाची जन्मतात आणि वाढता वाढता हिरवी होतात. हिची पाठ नुकतीच हिरवटू लागली होती. डबीवर कार्ड : अंड्यातून निघाल्याची तारीख, आईबाप कोण, कात केव्हा टाकली, कितीदा खाल्ले. आपल्याकडच्या पत्रिकेतही इतका तपशील नसतो!

मग म्हातारबाबांनीच भाच्याची परीक्षा मांडली. मुलीच्या बापाने उपवर मुलाला विचारावे तसे. नर कुणाच्या घरचा? म्हणजे भाऊबहीण तर निघायचे नाहीत? उन्हाळ्यात खोली किती तापते? डोंगरातला प्राणी आहे, तिशीवरचे तापमान त्याला सोसत नाही. थंडीत दोनेक महिने गारवा कसा देणार? नवी आली की काही महिने वेगळ्या खोलीत ठेवणार ना? अंडी उबवणीच्या पेटीत ठेवताना काय कराल?

"वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करीन आणि अंडे उलटू देणार नाही," भाचा म्हणाला. कोंबडी अंडी फिरवते. सापाचे अंडे फिरवले, तर आतला जीव दगावतो. म्हातारबाबांची मान हलली.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न केला. "दोनेक महिन्यांनी आठ पिले निघतील. पहिली कात टाकेपर्यंत खाणार नाहीत. नंतरही दोघेतिघे उंदराला तोंड लावणार नाहीत. आठ डब्या, आठ तोंडे. ती कुणाला देणार?"

भाच्याने दोन मित्रांची नावे सांगितली.

"म्हणजे दोन पिलांची सोय झाली. उरलेली सहा?"

भाचा गप्प झाला.

म्हातारबाबा रागावले नाहीत. "मी मुलगी देतो. पण तीन वर्षे अंड्यांचे नाव काढू नका. ती भरेपर्यंत तुम्हीही वाढा. माणसे जोडा. घर मिळाल्याशिवाय पिलू जन्माला घालायचे नाही, एवढे पाळले तर बाकी सगळे शिकता येते." काही अजगरांत केवळ नवलाच्या नक्षीसाठी असा एक वाण वाढवला गेला आहे, की नक्षीबरोबर मान थरथरण्याचा मज्जादोषही पिलांत उतरतो, तो वाण आपण कधीच केला नाही, असेही ते म्हणाले. किंमत दुकानातल्या मादीच्या दुप्पट पडली. भाच्याने घासाघीस केली नाही.

परतताना गावाच्या पूर्वेला ऊनट्रॉप भागात गेलो. सौ. आमच्याबरोबर बाजारात न येता तिथल्या कामाक्षीच्या देवळात बसली होती! श्रीलंकेतून आलेल्या तमिळ मंडळींनी कारखान्यांच्या वस्तीत 2002 साली हे देऊळ उभे केले. राखी आभाळाखाली ते रंगीत गोपूर पाहून मला भरून आले. उत्सवात इथली माणसे जवळच्या कालव्यात स्नान करतात म्हणे. सौ.ने प्रसाद दिला आणि विचारले, "मिळाली का मुलगी?"

"मिळाली. पण तीन वर्षांच्या बोलीवर."

"बरे झाले," ती म्हणाली. "तोवर याचेही जमेल."

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने रानातले साप धरणे वा घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आपले साप अंगणापलीकडे, बांधाच्या बिळात सुखी असोत.

यंदा नागपंचमीला सौ.ने पाटावर नाग काढला, पूजा केली. दुधाची वाटी मात्र ठेवली नाही. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, तेव्हा त्याची खुशाली विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काय रे, खाल्ले का तिने?"