पार्टी जेन्युइन आहे

एजंटाचा फोन आला की वाक्य ठरलेलं. "काका, पार्टी एकदम जेन्युइन आहे. फॅमिली आहे, आयटीत आहे, व्हेजिटेरियन आहे." यातल्या कशाचाही पाच तारखेला भाडं जमा होण्याशी फारसा संबंध नाही. आयटीचा थोडा असावा, तोही नोकरी टिकेपर्यंत.

*

सोसायटीच्या कपाटात भाडेकरूंची फाइल आहे. सेक्रेटरी म्हणून ती माझ्या ताब्यात. मध्यंतरी निवांत बसून चाळली. आधारची झेरॉक्स, चेहऱ्याच्या जागी काळा डाग. कंपनीचं ऑफर लेटर, म्हणजे रुजू होण्याआधीचं. गडी रुजू झाला का, हे कोणी विचारलेलं नाही. एका लेटरवर एचआरचा म्हणून छापलेला मोबाइल नंबर आणि फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात लिहिलेला नंबर एकच निघाला. त्या फॉर्मवर मालकाची सही, एजंटाची सही, तेव्हाच्या कमिटीचा शिक्का. तिघांच्या हातून कागद गेला, वाचला कोणीच नाही.

*

एजंटाला शिव्या देण्याआधी त्याचं गणित बघावं. पुण्यात दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी, पुष्कळदा दोन्हीकडून. भाडं २५,००० असेल तर किल्ली हातात पडली की त्याचे पन्नास हजार सुटले. नीट चौकशी केली तर सौदा मोडू शकतो. न केली तर मोडत नाही. भाडेकरू वर्षात गेला तर पुन्हा दलाली. असल्या धंद्यात चौकशी कोण करील?

आणि त्याच्यावर कोणाचा वचकही नाही. २०१६च्या रेरा कायद्यातला एजंट म्हणजे घरं विकून देणारा. महारेराने त्याला परीक्षाही लावली आहे. घर भाड्याने लावून देणारा त्या व्याख्येत येतच नाही.

*

बी विंगमधला फ्लॅट. मालकीणबाई मुलीकडे बंगळुरूला. एजंटाने जोडपं आणलं, हसतमुख, लिफ्टमध्ये नमस्कार करणारं. सहा महिने भाडं चोख. मग एक महिना अर्धंच आलं. मग "ताई, पगार अडकलाय." मग फोन वाजायचा, उचलायचं कोणी नाही. शेवटी मेसेज आला, "डिपॉझिटमधून वळतं करून घ्या." डिपॉझिट तीन महिन्यांचं होतं. वळतं करून घेत घेत ते संपलं आणि माणसं घरातच. महावितरणचं बिल थकलेलं, मीटर बाईंच्या नावावर.

बाईंनी एजंटाला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, पार्टी आणून द्यायचं माझं काम. पुढचं तुमचं तुम्ही." उद्धट वाटलं तरी त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं.

बाईंचे भाऊ कुलूपवाल्याला घेऊनच आले. त्यांना गेटवरच थांबवलं. म्हटलं, कुलूप बदललंत तर उद्या चौकीत तक्रारदार भाडेकरू आणि आरोपी तुम्ही.

*

त्या प्रकरणात बाईंची एकच बाजू भक्कम होती: करार नोंदणी केलेला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरून चालायचं, तुम्हाला उलट सिद्ध करता येईपर्यंत. नोंदणी असेल तर कलम २४चा रस्ता मोकळा होतो. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि घर सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च किती? २५,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट, ११ महिने, तर मुद्रांक शुल्क साधारण सातशे रुपये, शहरात नोंदणी फी एक हजार. सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास. पन्नास हजार दलाली गेलेल्या व्यवहारात हे दोन हजार वाचवायला निघालेले मालक मी पाहिले आहेत. नोटरी करून आणतात आणि वर सांगतात, "स्टॅम्प पेपरवर आहे की!"

*

११ महिन्यांचं वेड अजून जात नाही. जुना हिशेब असा, की १९०८च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून वर्षाच्या आत राहा. कलम ५५ने त्या हिशेबातली हवा काढली. आता मुदत कितीही असो, नोंदणी हवीच. भीती मात्र त्याहून जुनी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सच्या करारावर जे राहत होते, त्यांना तेव्हाच्या भाडे कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरूचं संरक्षण मिळालं, आणि मुंबईतल्या कित्येक मालकांचं घर कायमचं अडकलं. त्या पिढीचा धसका मुलांनी वारसाहक्काने घेतला. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हेही त्यातलंच. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याला तसा हक्क मिळत नाही.

*

पोलीस व्हेरिफिकेशन. आयुक्तांच्या आदेशाने भाडेकरूची माहिती ठाण्यात कळवावी लागते. ती जरूर कळवावी. पण ऑनलाइन फॉर्मची पोचपावती आली की एजंट "क्लिअर आहे" म्हणतो, ते भलतंच. मागच्या घराचं भाडं बुडवलं असेल तर तो दिवाणी मामला. पोलिसांच्या कुठल्या वहीत तो असणार?

*

आमच्या कमिटीच्या चौकश्या वेगळ्याच. आडनाव, मटण-मासे, मुलगी एकटी का राहते, रात्री कोण येतं. दोन नोकरदार मुलींना घर द्यायचं की नाही यावर मीटिंग तासभर चालली. बी विंगच्या जोडप्यावर दोन मिनिटंही गेली नव्हती. लग्न झालेलं होतं, बास. त्या मुलींचं भाडं एक तारखेला जमा होतं, असं त्यांच्या मालकाकडून कळतं.

*

बी विंगची माणसं अखेर नोटीस आल्यावर, किल्ल्या वॉचमनकडे टाकून गेली. मागाहून कळलं, वाकडच्या त्यांच्या आधीच्या घरमालकालाही हाच अनुभव. त्याला चौकशीचा फोन गेला असता तर? छान माणसं आहेत, असंच तो म्हणाला असता. त्याला ती घराबाहेर हवी होती.

म्हणून आता विचारणाऱ्याला सांगतो, सध्याच्या मालकाला फोन करू नका, त्याच्या आधीच्याला करा. त्याचं काही अडलेलं नसतं. कंपनीत विचारायचं तर लेटरवरच्या नंबरावर नाही, कंपनीचा नंबर स्वतः शोधून. पगाराच्या स्लिपपेक्षा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा. त्यात पगारही दिसतो आणि आधीचं भाडं कधी गेलं तेही दिसतं. चांगला भाडेकरू कुरकुरत का होईना, देतो. तोही मागच्या मालकाने 'पेंटिंग' म्हणून कापलेल्या डिपॉझिटच्या कथा सांगेल. त्या ऐकून घ्याव्यात, बऱ्याचशा खऱ्या असतात.

*

गेल्या आठवड्यात ए विंगच्या एका मालकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. एजंटालाच सांगतो सगळं करायला."